विकणारा निघाला अकरावीतला मुलगा. आता काय करू?

कवडीचुंबक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं नाणी जमवतोय. मोठा संग्राहक वगैरे नाही, पगारातून महिन्याला हजार-दीड हजार बाजूला काढणारा. बायको त्याला भंगार म्हणते, मी छंद म्हणतो.

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन लिलाव ग्रुपवर एक लॉट आला. 11 शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि सोबत सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो: 1938 चा रुपया कुठल्याही सराफाच्या गल्ल्यात सापडेल, पण 1939 चा फक्त मुंबई टाकसाळीत पडला आणि त्यातले फारच थोडे बाहेर आले. आमच्यासारख्यांनी तो कॅटलॉगमध्येच बघायचा.

फोटो अंधारे. नाण्यांखाली फुलाफुलांची चादर. खाली लिहिलेलं, 'आजोबांच्या पेटीत सापडले. जास्त माहिती नाही. बेस 500.' बोली दोनशे-दोनशेने चढत गेली आणि रात्री दहाला 6,500 वर लॉट माझ्या नावावर बंद झाला. क्यूआर कोडवर एका बाईंचं नाव होतं. पैसे टाकले.

सहा दिवसांनी स्पीड पोस्टाने पाकीट आलं. नाणी वहीच्या कागदात गुंडाळलेली आणि चिकटपट्टी थेट नाण्यावर (देवा!). कागद उलगडला तर त्यावर मोल संकल्पनेची गणितं. तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

शिवराया ठीक आहेत, झिजलेल्या पण खऱ्या. रुपया काट्यावर ठेवला तर 10.2 ग्रॅम. असायला हवा 11.66. भिंगातून पाहिलं तर कडेला बारीक शिवण, म्हणजे साच्यात ओतलेला.

फोन केला. आवाज फुटायच्या वयातला. "काका, मी क्लासमध्ये आहे, नंतर करतो." नंतर म्हणजे कधीच नाही. मला ब्लॉक केलं. माझ्या मुलीच्या फोनवरून लावला तर त्याच्या आईने उचलला. विदर्भातलं तालुक्याचं गाव, याहून जास्त सांगत नाही. त्या माउलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "तो माझ्या मोबाईलवर कॉलेजच्या प्रोजेक्टचं करतो म्हणे." मुलगा 16 वर्षांचा. खातं आईचं, मोबाईल आईचा, फसवणूक कोणाची?

पैसे परत मिळवायचा काही मार्ग आहे का? आणि तक्रार केली तर त्या पोराचं काय होईल? पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याने झोप उडवलीय.

खडूस_पेठकर

घरात वजनकाटा आहे, भिंग आहे, आठ वर्षांचा अनुभव आहे. आणि 1939 चा रुपया साडेसहा हजाराला मिळतो असं वाटलं तुम्हाला? पोराने फसवलं की तुम्ही स्वतः फसायला गेलात?

दोन_कार्ट्यांची_आई

पेठकर, जखमेवर मीठ चोळायला आलात का? @कवडीचुंबक, पोलिसात जाऊ नका प्लीज. अकरावीचं वय आहे, एकदा शिक्का बसला की आयुष्यभर पुसत नाही.

टाकसाळ्या

आधी नाण्याचं बोलू, मग माणसांचं.

1939 ची खोटी नाणी दोन जातीची असतात. एक, 1938 चा खरा रुपया घेऊन शेवटच्या 8 चा 9 करतात. ही जात जास्त घातक, कारण वजन, चांदी, कड सगळं बरोबर येतं, फक्त त्या एका आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा राहतात. दुसरी तुमच्यासारखी, ओतीव. ती हलकी भरते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. हेच पाचव्या जॉर्जच्या 1911 च्या रुपयाचं, ज्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच्याही नकला निघतात. आणि शिवकालीन होनाबद्दल (सोन्याचं नाणं) तर बोलायलाच नको. ऑनलाइन जेवढे होन विकायला दिसतात तेवढे खरे असते तर इतिहासाची पुस्तकं नव्याने लिहावी लागली असती.

1939 चं नाणं विकत घेताना आकड्याचा जवळून काढलेला फोटो, कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेला फोटो, हे तीन मागायचेच. खरा विकणारा रागावत नाही.

बोली 200-200 ने कोण चढवत होतं, ते बघितलंत का?

कवडीचुंबक

@टाकसाळ्या, तुमचं वाचल्यावर मागे जाऊन पाहिलं. माझ्यासमोर एकच खातं होतं. 6,300 पर्यंत आलं आणि थांबलं. त्या खात्याने ग्रुपवर आजवर एकही लॉट घेतलेला नाही, पण बोली या मुलाच्या प्रत्येक लॉटवर आहे.

टाकसाळ्या

झालं. घरचाच बोलीदार, म्हणजे भाव चढवायला बसवलेला विकणाऱ्याचाच माणूस.

वकीलीण

दिवाणी बाजू आधी, कारण तिथे तुमची निराशा आहे. भारतीय करार कायदा, 1872, कलम 11: करार करायला माणूस सज्ञान हवा. सज्ञान म्हणजे 18 पूर्ण. आणि 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगून टाकलं की अज्ञानाने (म्हणजे 18 पूर्ण नसलेल्याने) केलेला करार मुळातच शून्य. कलकत्त्यातल्या त्या मुलाने मालमत्ता गहाण टाकून सावकाराकडून कर्ज उचललं होतं. तो अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. गहाणखत रद्द झालं आणि सावकार हात चोळत बसला. लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला हा खटला शिकला नाही असा वकील भारतात नसेल.

म्हणजे 'लिलाव जिंकला, आता खरा रुपया दे' असा दावा त्या मुलावर चालत नाही. आई-वडील मुलाच्या कराराला आपोआप बांधलेही जात नाहीत. पण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 (नाव वाचूनच पक्षकार पळतो) याच्या कलम 33 मध्ये एक खिडकी आहे. अज्ञानाला त्या व्यवहारातून जेवढा लाभ खरोखर झाला, तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं. साडेसहा हजारांसाठी तुम्ही ती खिडकी उघडणार नाही, हे मला माहीत आहे.

फौजदारी वेगळं. करार शून्य झाला म्हणून फसवणूक शून्य होत नाही. जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये गेलं, 1 जुलै 2024 पासून. पण मुलगा 18 खालचा म्हणजे बाल न्याय अधिनियम, 2015. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. अशा गुन्ह्यात मुलावर सहसा एफआयआर होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. @दोन_कार्ट्यांची_आई, शिक्क्याची भीती रास्त आहे, पण कायद्याने नेमका तोच विचार केलाय. पुढे नोकरीला वगैरे ही नोंद आड येऊ नये अशीच त्यात तरतूद आहे.

खडूस_पेठकर

म्हणजे मुलगा करारात सापडत नाही, तुरुंगात जात नाही आणि आईला काही माहीत नसतं. मला दुकान उघडायचं असेल तर मी काउंटरवर 16 वर्षांचं पोरगंच बसवीन.

नाणेघाट

पेठकर खवचटपणे बोलले, पण धंदा असाच चालतो. मी 25 वर्षं या बाजारात आहे, आता थोडा बाहेर.

शिवराया त्या पोराच्या खऱ्या असतील. तांब्या-पितळेच्या मोडीत शिवराई अजून येते. तालुक्याच्या गावातला मोडवाला ती किलोवर नाही तर नगावर काढून ठेवतो आणि शाळकरी पोरं घेऊन जातात. छंद असाच लागतो, मलाही तसाच लागला. पण खोटा 1939 मोडीत येत नाही. तो कोणीतरी दिलेला असतो. ग्रुपवर एखादा 'दादा' असतो. तो पोरांना हेरतो. 'तुझे फोटो छान येतात, माझे दोन पीस लाव, विकले की वीस टक्के तुझे.' खऱ्या शिवरायांच्या ढिगात एक खोटा सोडायचा, आणि लॉट पोराच्या नावाने. दादाचं नाव कुठे येत नाही, पत्ता येत नाही. घरचा बोलीदारही दादाच असतो बहुतेक.

मुलाला एकच विचारा: रुपया कोणी दिला?

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, आमच्याच इकडचं पोरगं निघालं म्हणता तं वाईट वाटलं. पण नाणेघाट साहेब बराबर बोलले. आमच्या भाच्याले असंच कोणी जुन्या नोटा विकाले लावल्या होत्या. ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखाले जाते म्हणून. भाऊजींनं कानाखाली वाजवली तवा समजलं.

गंगाधरपंत_नवीन

नमस्कार. मी नवीन सभासद. माझ्याकडे 1818 सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे हनुमानाचे नाणे आहे. त्याला तांदूळ चिकटतात. एका पार्टीने 40 लाख सांगितले आहेत, फक्त नोंदणी फी 2,100 आधी भरायची आहे. कृपया योग्य भाव सांगावा.

खडूस_पेठकर

🙏 आता मी झोपतो.

टाकसाळ्या

@गंगाधरपंत_नवीन, फी भरू नका. भरली असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कंपनीने हनुमानाचं किंवा रामदरबाराचं असं नाणं कधीच पाडलं नाही. हे देवळाबाहेर, जत्रेत मिळणारे टोकन आहेत, त्यावर 1616, 1717, 1818 असे मनाला येतील ते आकडे असतात. कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडायला सुरुवातच 1835 मध्ये केली. तांदूळ चिकटण्याचा प्रकार म्हणजे 'राइस पुलर', त्यात माणसं जमिनी विकून बसलीत. आणि 'रिझर्व्ह बँकेची परवानगी, फी, कमिशन' असं कोणी म्हणालं तर ऑगस्ट 2021 मध्ये बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कसलंही शुल्क घेत नाही.

नाणं देवघरात ठेवा. तिथे ते शोभतं.

जर्सीकर

धाग्याला थोडा फाटा फोडतो, पण संबंध आहे.

लहान मुलं आणि लिलाव हा घोळ ऑनलाइन लिलावांइतकाच जुना. 1999 मध्ये आमच्याच न्यू जर्सीतल्या 13 वर्षांच्या एका मुलाने ईबेवर 30 लाख डॉलरहून जास्त बोल्या लावल्या होत्या. कॅनडाच्या पहिल्या पंतप्रधानांचा बेडरूम सेट 9 लाख डॉलरला 'घेतला' पठ्ठ्याने. सगळं रद्द झालं.

पण मला आठवला तो दुसरा किस्सा. 2000 साल, कॅलिफोर्नियातला एक वकील. ईबेवर एक अमूर्त चित्र टाकलं. कोपऱ्यात एका नामवंत चित्रकाराच्या सहीसारखी आद्याक्षरं, पण वर्णनात चित्रकाराचं नाव कुठेच नाही. उलट साळसूदपणे लिहिलं की घरातल्या मुलाने तीनचाकी सायकल आदळून चित्राला भोक पाडलंय. बोली 1,35,805 डॉलरला गेली. नंतर उघड झालं की साहेबांना मूलच नव्हतं, आणि बोल्यांत त्यांची स्वतःची अन् मित्रांची खाती होती. शेवटी गुन्हा कबूल करावा लागला.

तिथे विकणाऱ्याने खोटं मूल उभं केलं, कारण घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की या बावळटाला आपल्याकडे काय आहे ते कळत नाही. 'आजोबांच्या पेटीत सापडले, जास्त माहिती नाही' हे त्याचंच मराठी भाषांतर.

पोस्टाची_पेटी

जर्सीकर, जबरी किस्सा. तिकिटांतही हेच चालतं. 1948 चं गांधीजींचं दहा रुपयांचं 'सर्व्हिस' छापाचं तिकीट फक्त 100 छापलं होतं, आणि ऑनलाइन दर आठवड्याला कोणाच्या तरी आजीच्या ट्रंकेत सापडतं.

मी म्हणतो व्हीपीपीने मागवा. पैसे पोस्टमनच्या हातात.

टाकसाळ्या

व्हीपीपीत पैसे आधी, पाकीट नंतर उघडायचं. खोटा रुपया व्हीपीपीने आला तरी खोटाच. फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता हाती राहतो, एवढाच फायदा.

कवडीचुंबक

दोन दिवस लिहिलं नाही. जर्सीकरांचा प्रतिसाद वाचल्यापासून एक गोष्ट खुपतेय. पेठकरांनी पहिल्याच प्रतिसादात तिथेच बोट ठेवलं होतं आणि मला राग आला होता.

मला बोली लावतानाच वाटलं होतं की विकणारा लहान आहे. मी त्याला खाजगीत विचारलं होतं, 'रुपयाची ग्रेड काय?' त्याने लिहिलं, 'काका ग्रेड म्हणजे काय.' मी हसलो. आणि मनात म्हणालो, याला कळत नाहीये आपल्याकडे काय आहे. कडेचा फोटो मी मुद्दाम मागितला नाही. मागितला असता तर तो सावध झाला असता, कोणाला तरी विचारलं असतं, आणि नाणं हातचं गेलं असतं. म्हणजे नाणं खरं निघालं असतं तर मी एका 16 वर्षांच्या मुलाकडून लाखमोलाची वस्तू साडेसहा हजारांत उचलली असती आणि इथे येऊन 'घबाड लागलं' असा धागा काढला असता. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं असतं.

असो. लिहून मोकळा झालो.

खडूस_पेठकर

मान गये. एवढं खरं लिहायला धाडस लागतं. पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण टोपी काढतो.

नाणेघाट

आपण सगळेच त्याच पाण्यातले मासे. सराफाच्या दुकानात म्हातारी नाणी मोडायला आली की आम्ही कोपऱ्यात उभे राहून वाट बघायचो. असो.

बाबांचं_खातं

वाचनमात्र होतो, पण आता लिहितो. मी तो मुलगा आहे. म्हणजे हा नाही, वीस वर्षांपूर्वीचा.

तेव्हा बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट नुकतीच ईबेने घेतली होती. मी नववीत. खातं बाबांच्या नावाने उघडलं, जन्मतारीख बाबांची. पोस्टाची पहिल्या दिवशीची पाकिटं (तिकीट निघाल्याच्याच दिवशीचा शिक्का असलेली) विकायचो, खरी, दहा-वीस रुपये सुटायचे. मग एका माणसाने पन्नास पाकिटं दिली, त्यावरचे शिक्के नंतर मारलेले होते. मला ते दिसत होतं. मला नीट दिसत होतं, म्हणून सांगतो. 'मुलाला काय कळतंय' असं सगळे म्हणतात ना, ते खरं नाही. कळतं. पण ज्या माणसाने आपल्याला मोठ्यांसारखं वागवलं, 'पार्टनर' म्हटलं, त्याला नाही म्हणता येत नाही त्या वयात. नाशिकच्या एका काकांनी पाकिटं परत पाठवली, आत चिठ्ठी: 'बाळ, शिक्क्याची शाई बघ आणि तिकिटावरचं साल बघ.' माझ्या वयाचा अंदाज त्यांनी अक्षरावरून केला असणार. पैसे मागितले नाहीत. मी बाबांना सांगितलं, मार खाल्ला, आणि पार्टनरचं नाव मात्र सांगितलं नाही. ते अजून टोचतं.

@कवडीचुंबक, नाव विचारा. पण आई समोर असताना नको.

वकीलीण

@बाबांचं_खातं, छान लिहिलंत.

मुद्द्याची गोष्ट राहिली होती. नाणेघाट म्हणतात तसा कोणी प्रौढ मागे असेल तर चित्रच बदलतं. मुलाला गुन्ह्यासाठी वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: न्याय संहितेचं कलम 95, किमान 3 वर्षं, कमाल 10. शिवाय बाल न्याय अधिनियमाच्या कलम 83 मध्ये मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढासाठी 7 वर्षांपर्यंत. तुमची तक्रार मुलाविरुद्ध असायची गरज नाही. पैसे आईच्या खात्यातून पुढे कोणाकडे गेले, ती साखळी 1930 वर किंवा सायबर पोर्टलवर द्या. मात्र आईला विश्वासात घेऊन. तिच्या खात्यावर अचानक टाच आली तर घराचं रेशन अडकेल.

व्यवस्थापन

मुलाचं गाव, ग्रुपचं नाव, खातेधारकाचं नाव इथे लिहू नये. दोन प्रतिसाद त्यामुळे काढले आहेत.

कवडीचुंबक

तीन आठवड्यांनी आलो. जे झालं ते सांगतो.

आईंशी पुन्हा बोललो. त्यांनी न मागता 2,000 पाठवले, बाकीचे 'पगार झाला की'. मी म्हणालो, शिवराया खऱ्या आहेत, त्यांचे पैसे कापून घ्या. हिशेब त्यांनीच केला, शिवराईचा भाव मुलाला विचारून. 80 रुपये नग. मी म्हटलं शंभर धरा.

मुलाशी दुसऱ्या दिवशी बोललो, तो क्लासवरून चालत येत असताना. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, दादाने दिला. 6,500 मधले 5,000 दादाला त्याच रात्री पाठवले. दादाला त्याने कधी पाहिलेलं नाही. आवाज मोठ्या माणसाचा आहे, आणि त्याला 'शेठ' म्हणतो. असे चार लॉट झालेत. रुपया खोटा आहे हे माहीत होतं का, विचारलं. "वजन केलं होतं काका. फिजिक्सच्या लॅबमध्ये."

वडील नाहीत. मामांना घेऊन आई आणि तो सायबर पोलिसांकडे गेले, दादाचा नंबर आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट दिले. मीही माझी तक्रार नोंदवली, वकीलीण म्हणाल्या तशी. दादाचा नंबर आता बंद लागतो. त्या ग्रुपवर नवीन नावाने एक लॉट आलाय, 1939 सोबत, या वेळी चादर चौकटीची. ॲडमिनला कळवलं, उत्तर नाही.

मुलाने विचारलं, रुपया परत पाठवाल का, म्हणजे तुम्हाला पैसे पूर्ण मिळतील. मी पाठवला नाही. घरून निघाला की तो पुन्हा कोणाच्या तरी लॉटमध्ये जाईल. कानशीने कडेला दोन खोल खाचा मारून माझ्याच डब्यात टाकलाय.

दोन_कार्ट्यांची_आई

'फिजिक्सच्या लॅबमध्ये' वाचून डोळ्यात पाणी आलं आणि हसूही.

टाकसाळ्या

खाचा बरोबर केल्यात. त्या चौकटीच्या चादरीवाल्या लॉटची लिंक व्यनि (खाजगी निरोप) करा. मी बोली लावत नाही, पण कडेचा फोटो मागतो.

कवडीचुंबक

लिंक पाठवली.

काल रात्री मुलाचा मेसेज आला. फोटो, तीच फुलाफुलांची चादर. 'काका ही दुदांडी शिवराई आहे का? विकायची नाहीये. फक्त विचारतोय.'

नाणेघाट

फोटो इथे टाका. दोन्ही बाजू.